चांदणं आहे, पाऊस आहे, पण माणूस कुठाय? हौशी शृंगारकथेतली पात्रं पोकळ का राहतात

"नेहा, वय २६, गोरीपान, कमनीय बांधा. रोहन, वय २८, उंची सहा फूट, हिंजवडीला आयटीत." कथा अशी सुरू होते. पुढची सात पानं वाचून झाली तरी या दोघांबद्दल याहून जास्त काही हाती लागत नाही. बाहेर मुसळधार पाऊस असतो, नेमकी वीज जाते, नेहाची साडी भिजलेली असते आणि रोहनचा रूममेट गावी गेलेला असतो. मग व्हायचं ते होतं. सातव्या पानाच्या शेवटी दोघं दमून झोपी जातात, आणि आपण आत्ता कुणाला भेटलो हे वाचणाऱ्याला आठवत नाही.

कोथरूडला माझ्या घरी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सात-आठ हौशी लेखक जमतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी नर्स, कुणी अजून नोकरीच्या शोधात. गावाकडच्या आठवणी, विनोदी कथा, भयकथा असं सगळं मोठ्याने वाचून दाखवतात. शृंगारकथा मात्र कुणी वाचत नाही. ती निघताना, चपला घालता घालता, खाकी पाकिटातून माझ्या हातात दिली जाते. "सवडीने बघा," एवढंच म्हणतात. अशी बरीच पाकिटं मी सवडीने आणि मनापासून बघितली आहेत. शृंगार हा लिहायला फार अवघड आणि फार मोलाचा विषय आहे असं मला वाटतं. एरवी माणूस जे झाकून ठेवतो ते इथे उघडं पडतं. कपड्यांच्या आधी स्वभाव उघडा पडतो. आणि नेमका तोच या कथांत सापडत नाही.

एक साधी तपासणी मी सगळ्यांना करायला सांगते. कथेतल्या दोघांची नावं बदला. नेहाच्या जागी शुभांगी करा, २६ च्या जागी ४१ करा, आयटीतला रोहन काढून मार्केट यार्डातला कांद्याचा आडत्या आणा. आता कथेतलं एखादं तरी वाक्य बदलावं लागतंय का? लागत नसेल, तर तिथे पात्रं नव्हतीच. दोन शरीरं होती आणि त्यांवर चिकटवलेल्या दोन चिठ्ठ्या. खरं तर ४१ वर्षांची शुभांगी आणि २६ वर्षांची नेहा एकाच प्रसंगात सारख्या वागणं शक्यच नाही. आडत्या पहाटे उठून बाजारात जाणारा माणूस. रात्री अकरा वाजता त्याच्या डोळ्यांवर झोप असणार. शुभांगीला ती झोप दिसेल. ती त्याला जागं ठेवेल की उशी सारून देईल, या एका प्रश्नावर कथा उभी राहू शकते. पण त्यासाठी लेखकाला आडत्याची सकाळ माहीत हवी.

जुन्या शास्त्रातलं उत्तर

या दुखण्याचं निदान आपल्याकडे फार पूर्वी होऊन गेलंय. भरताच्या नाट्यशास्त्रात रस कसा तयार होतो याचं सूत्र आहे: विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस निर्माण होतो. शब्द जड आहेत, गोष्ट सोपी आहे. विभाव म्हणजे भावना जागी होण्याचं कारण. अनुभाव म्हणजे ती जागी झाल्यावर बाहेर दिसणाऱ्या खुणा: नजर, बोलणं, हालचाल. आणि व्यभिचारी भाव म्हणजे मुख्य भावनेच्या सोबतीने येऊन-जाऊन असणाऱ्या लहान लहान भावना. (इथल्या 'व्यभिचारी'चा आजच्या अर्थाशी काही संबंध नाही, एका जागी न थांबणारे, एवढाच त्याचा अर्थ.) असे ३३ भाव सांगितले आहेत.

परंपरेने विभावाचे पुन्हा दोन भाग केले, आणि आपल्या कामाची गोष्ट इथेच आहे. आलंबन म्हणजे जिच्यावर किंवा ज्याच्यावर मन जडतं ती व्यक्ती. उद्दीपन म्हणजे त्या ओढीला चेतवणारी परिस्थिती: चांदणं, पाऊस, गार वारा, मोगऱ्याचा गजरा, एकांत. चूल डोळ्यांसमोर आणा. लाकूड म्हणजे आलंबन, फुंकर म्हणजे उद्दीपन. चुलीत लाकूडच नसेल तर फुंकणीने कितीही फुंका, राखच उडणार.

हौशी शृंगारकथेत उद्दीपनाची रेलचेल असते. भिजलेली साडी, मेणबत्ती, परफ्यूमचा वास, सिंहगडावरचं धुकं, सगळं असतं. ज्या माणसासाठी हे सगळं, तोच नसतो. म्हणून लेखक आणखी जोरात फुंकतो. विशेषणं वाढवतो, पाऊस वाढवतो, प्रसंग आणखी धीट करतो. वाचणारा मात्र थंडच राहतो, कारण ओढ वाटायला समोर कुणी उभंच नाही.

अनुभावांचंही तसंच. शास्त्राने शरीराच्या आपसूक होणाऱ्या आठ प्रतिक्रिया सांगितल्या, त्यांना सात्त्विक भाव म्हणतात: थिजून उभं राहणं, घाम, रोमांच, आवाज बदलणं, कंप, चेहऱ्याचा रंग पालटणं, डोळ्यांत पाणी येणं आणि भान हरपणं. माझ्याकडे येणाऱ्या पाकिटांत यांतले रोमांच आणि कंप एवढेच दोन असतात. नायकाचा आवाज ऐनवेळी फुटत नाही असं कधी होत नाही. नायिकेच्या डोळ्यांत कारण न कळता पाणी येत नाही. खऱ्या आयुष्यात या गोष्टी होतात, आणि त्या ज्याच्या त्याच्या वेगळ्या असतात. रोमांच सगळ्यांच्या अंगावर सारखाच येतो. कुणाचा आवाज कधी फुटत नाही, यात त्या माणसाचा सगळा इतिहास असतो.

३३ भावांची यादी तर पात्ररचना शिकणाऱ्याने भिंतीवर लावून ठेवावी. शंका, असूया, गर्व, लाज, चिंता, आठवण, तर्कवितर्क आहेत. त्यातला माझा सगळ्यात आवडता भाव म्हणजे अवहित्थ. मनातलं लपवण्यासाठी भलतंच काहीतरी करत बसणं. त्याचा मेसेज आला की ती मळून झालेली कणीक पुन्हा मळायला घेते. तो तिच्या टेबलापाशी आला की फाईलच्या नाडीची गाठ सोडून पुन्हा मारतो. ओढ सांगायला एवढं पुरतं, आणि वर माणूसही कळतो. कणीक मळणारी एक, फाईलच्या नाडीशी खेळणारा दुसरा. यांची अदलाबदल करता येत नाही.

जुन्या शास्त्राने नायिकेचे आठ प्रकार सांगितले, त्या अष्टनायिकांकडे जरा या नजरेने बघा. वासकसज्जा, विरहोत्कंठिता, कलहांतरिता, खंडिता, अभिसारिका... या आठांपैकी एकीचंही नाव तिच्या बांध्यावरून, रंगावरून किंवा वयावरून पडलेलं नाही. प्रियकराशी तिचं आत्ता काय चाललंय त्यावरून पडलंय. भांडून हाकलून दिलं आणि आता पस्तावते आहे, ती कलहांतरिता. त्याच्या अंगावर दुसरीच्या खुणा पाहून जळते आहे, ती खंडिता. म्हणजे नायिकेची ओळख शरीराने नव्हे, परिस्थितीने करून द्यायची, ही समज आपल्या परंपरेत पक्की होती.

दोन ओळींत दोन माणसं

लेखक म्हणतात, पात्र उभं करायला जागा लागते, छोट्या कथेत ते कसं जमणार? तेव्हा मी गाथासप्तशती काढते. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेला हा माहाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथांचा संग्रह, स. आ. जोगळेकरांनी संपादित केलेली त्याची मराठी आवृत्ती १९५६ साली पुण्यातून निघाली. एकेक गाथा दोन ओळींची. त्यातली एक पाणपोईवरची आहे. वाटसरू ओंजळीने पाणी पितोय. वर बघत, बोटं फाकवून पितोय, म्हणजे पाणी बोटांतून गळत राहावं आणि पिणं लांबावं. आणि पाणी घालणारी काय करते? आधीच बारीक असलेली धार ती आणखी बारीक करत नेते.

बस, एवढंच. ती दिसायला कशी आहे, माहीत नाही. त्याचं नाव काय, माहीत नाही. कुणी कुणाला हात लावलेला नाही. तरी दोन माणसं डोळ्यांसमोर उभी राहतात, कारण दोघांनी एकेक गोष्ट केली आणि ती दुसऱ्याला कळेल अशी केली. त्याची युक्ती तिने ओळखली. तिने ओळखली हे धार बारीक झाल्यावर त्याला कळलं. तिला 'नाही' म्हणायचं असतं तर लोटा उपडा करणं तिच्या हातात होतं, तिने धार बारीक केली. तिची संमती, तिचा खट्याळपणा, भर रस्त्यावर असल्याचं तिचं भान, सगळं त्या धारेत आहे. हौशी कथेत सात पानांत जे होत नाही ते इथे दोन ओळींत होतं.

मग जमत का नाही?

लेखकांना कल्पना कमी पडते असं मला वाटत नाही. मुळात आड येते ती लाज, आणि लाजेतून येणारी घाई. ही कथा रात्री, घरचे झोपल्यावर, पांघरुणात फोनवर टाइप केलेली असते. कुणी बघेल या धास्तीने लेखक धावत सुटतो. पात्राजवळ थांबायला, त्याच्या खिशात डोकवायला त्याला उसंत नसते. पोचायचं असतं, पोचतो, आणि फोन उलटा ठेवतो.

दुसरं कारण थोडं खोल आहे. नायक रिकामा राहतो, कारण त्या रिकाम्या जागेत लेखक स्वतः बसलेला असतो. स्वतःला स्वतःची ओळख कोण करून देतो? आणि नायिका रिकामी राहते, कारण ती नकार देऊ शकेल एवढी स्वतंत्र जागा लेखकाने तिला दिलेली नसते. तिला आवडीनिवडी दिल्या तर तिला नायक नावडूही शकतो. तिला घरी वेळेत पोचायचं असेल तर ती थांबणार नाही. लेखकाला हे नको असतं, म्हणून तो तिला काहीच देत नाही. बायकांनी लिहिलेल्या कथांत हेच उलट्या बाजूने होतं: तिथला पुरुष श्रीमंत, अबोल, रुंद छातीचा असतो आणि त्याला ना दातदुखी असते, ना कर्जाचा हप्ता, ना आईचा फोन.

आमच्या गटातल्या नर्सताईंनी तिसरं कारण सांगितलं. "खरे बारकावे घातले तर घरचे ओळखतील हो, कुणाबद्दल लिहिलंय ते." ही भीती रास्त आहे, आणि तिच्यावर उपाय आहे. सवय एकाची घ्या, भीती दुसऱ्याची, नोकरी तिसऱ्याची. माणूस खरा वाटायला तो जसाच्या तसा असावा लागत नाही. त्याचे बारकावे एकमेकांना धरून असले की झालं.

आरशाचा प्रसंग हा या सगळ्याचा हमखास पुरावा. नायिका कथा स्वतः सांगत असते, आणि दुसऱ्याच परिच्छेदात आरशासमोर उभी राहून स्वतःच्या देहाचं असं वर्णन करते, की जणू तो तिने आजच पाहिला. कुठलीही बाई आरशात बघते तेव्हा तिला काय दिसतं? पांढरा केस दिसतो. ब्लाउजचा सैल झालेला हूक दिसतो. आईसारखी दिसायला लागल्याची जाणीव होते. आरशासमोरचं ते वर्णन पुरुषाच्या नजरेचं असतं, 'मी' एवढा शब्द तिचा.

शब्दांची टंचाई आणि 'अहो'ची श्रीमंती

मराठीत शृंगार लिहिणाऱ्यांची एक अडचण अगदी खरी आहे. शब्द तीन टोकांना पळालेत. एका टोकाला संस्कृत: उरोज, नितंब, संभोग. दुसऱ्या टोकाला शिव्या. तिसऱ्या टोकाला इंग्रजीतून आलेले किस, हॉट, सेक्सी. मधला, रोजच्या बोलण्यातला, ज्याने ना पोथी आठवावी ना भांडण, असा शब्द शोधावा लागतो. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून लैंगिक विषयांवर सरळ मराठीत लिहिलं आणि त्यापायी खटले सोसले. तरी घराघरांतली भाषा फारशी मोकळी झाली नाही. आमच्या लहानपणी या सगळ्या विषयाला मिळून एकच शब्द होता: 'तसलं'.

हौशी लेखक काय करतो? एका परिच्छेदात उरोज, पुढच्यात शिवी, तिसऱ्यात 'हॉट'. ही भाषा कुठल्याच एका माणसाची राहत नाही. खरं तर ही टंचाई पात्ररचनेला वरदान आहे. संस्कृत शिकवणाऱ्या बाई कुठला शब्द वापरतील? प्रसूतिगृहातली नर्स, जिला शरीराचं कौतुकही नाही आणि संकोचही नाही, ती कुठला वापरेल? आणि जिच्या घरी 'तसलं' एवढंच होतं, ती ऐनवेळी काय म्हणेल? कदाचित काहीच नाही. त्याचा हात धरून नेईल. कोण काय बोलतो आणि कोण काय बोलू शकत नाही, एवढं ठरवलं तरी अर्धं पात्र तयार होतं.

आणि एका बाबतीत मराठी अतिशय श्रीमंत आहे, ती म्हणजे हाक. 'तुम्ही'वरून 'तू'वर येणं ही मराठी प्रेमकथेतली फार मोठी घटना आहे, पदर ढळण्याहून कितीतरी मोठी. नेहा आणि रोहन एकाच ऑफिसात आहेत, पहिल्या पानावर 'तुम्ही' म्हणतात, तिसऱ्या पानावर 'तू' म्हणतात, आणि मधे कधी बदललं हे लेखकालाही माहीत नसतं. माझा जीव तिथे कळवळतो. तो क्षण कुठे गेला? कुणी आधी म्हटलं? चुकून म्हटलं आणि जीभ चावली, की मुद्दाम म्हणून बघितलं? समोरच्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं का?

मधल्या काळासाठी तर मराठीने सोयच करून ठेवली आहे. 'तुम्ही' परकं वाटायला लागलंय, 'तू' म्हणायचा धीर होत नाही, अशी दोन माणसं कशी बोलतात ऐकून बघा. "चहा घ्यायचा का?" "जेवण झालं?" "निघायचं मग?" "उद्या यायचं आहे ना इकडे?" कर्ताच गायब. कित्येक दिवस दोन माणसं अशी कर्त्याविना बोलत राहतात. ज्याला हे कानाने टिपता आलं त्याला पावसाची गरज नाही.

नवरा-बायकोच्या कथेतही हेच. दिवसभर 'अहो' म्हणणारी बाई अंधारात काय म्हणते? नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घेतलेल्या पिढीतली बाई कधी तरी त्याच्या कानाशी नुसतं नाव घेते, उखाण्याशिवाय. त्या एका शब्दापुढे पानभर वर्णन फिकं पडेल. आणि हे लिहायला बंदी कुणाची नाही, लाजायचं कारण नाही.

पुण्यात एकांत कुठे मिळतो?

"रोहनच्या फ्लॅटवर कोणी नव्हतं." हौशी लेखक हे एका वाक्यात उरकतो. पुण्यात राहणाऱ्या कुणालाही विचारा, हे एक वाक्य म्हणजे अख्खी कथा असते. सोसायटीच्या गेटवर नाव लिहावं लागतं किंवा वॉचमन फोन लावून विचारतो. कॉट बेसिसवर राहणाऱ्याकडे पाहुणा आलेला घरमालकिणीला चालत नाही. पेठेतल्या जुन्या वाड्यात सगळ्यांची एकच गॅलरी, आणि लाकडी जिना कोण आलं ते ओरडून सांगतो. नेहा आत कशी आली? रजिस्टरमध्ये तिने खरं नाव लिहिलं का? समोरच्या दारातल्या आजींनी "कुणाकडे?" विचारलं तेव्हा काय उत्तर दिलं?

आणि तिच्या चपला? दाराबाहेर काढल्या तर जाणारा-येणारा बघणार. आत घेतल्या, तर आपण लपून आलोय हे तिने स्वतःशी कबूल केलं. चपलांचं काय करायचं हे ठरवताना ती उंबऱ्यात क्षणभर थांबते, आणि तो ती थांबलेली बघतो. मला विचाराल तर शृंगार तिथे सुरू झाला. जागा ही कथेची सजावट नसते. पात्राला काय गमावण्याची भीती आहे, हे जागेतून कळतं, आणि भीती कळली की त्याची ओढ किती आहे ते न सांगता मोजता येतं.

आता एक उतारा करून बघू. कच्चा आधी:

"मीनल अतिशय सुंदर होती. तिचे टपोरे डोळे आणि रसरशीत ओठ पाहून अनिरुद्ध वेडा झाला. तिलाही तो पाहताक्षणी आवडला. दोघांच्याही मनात एकच विचार होता."

आता मीनलला लक्ष्मी रस्त्यावरच्या चष्म्याच्या दुकानात बसवू. बारा वर्षं ती डोळे तपासते आहे. अनिरुद्ध नारायण पेठेतल्या छापखान्यात मुद्रितं तपासतो, पंचेचाळिशीचा आहे, आणि नंबर वाढला तर काम जाईल या भीतीत आहे.

"तपासणीची फ्रेम गार लागते म्हणून मीनल ती आधी तळहातात धरायची. गिऱ्हाईक कोणीही असो. आजही तिने ती धरली, मग त्याच्या कानांमागे अडकवली. शेवटची ओळ त्याने धडाधड वाचली. जरा जास्तच धडाधड. तिने काही न बोलता बटण दाबून तक्ता बदलला. तो गप्प झाला. 'हे बरं, की हे?' तिने भिंग फिरवत विचारलं. 'दोन्ही सारखंच.' 'सारखं नसतं कधी. नीट बघायचं.' त्याने बघितलं. मग पोऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून ती थोडी वाकली आणि म्हणाली, 'तक्ता पाठ केला होता ना बाहेर बसून?' त्याचे कान लाल झाले. फ्रेम काढताना तिच्या बोटांना ते गरम लागले."

इथे कुणाचं रूप सांगितलेलं नाही. पण ती फ्रेम ऊब देऊन मग लावणारी आहे, लबाडी पकडून ती चारचौघांत न बोलणारी आहे. तो घाबरलेला आहे, आणि पकडलं गेल्यावर त्याला बरं वाटलंय. आता हे दोघं पुढे कुठेही गेले, अगदी त्या सातव्या पानावर गेले, तरी वाचणारा त्यांच्याबरोबर जाईल. मीनलची बोटं आता कुणाचीही बोटं राहिलेली नाहीत.

नकाराबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. पाकिटांतल्या कितीतरी कथांत नायिका 'नको, नको' म्हणते आणि लेखक ते सजावट म्हणून वापरतो. भरताने शृंगाराला चालणारे भाव सांगताना तीन वगळले: आलस्य, उग्रता आणि जुगुप्सा. उग्रता शृंगारात बसत नाही हे त्या काळी कळत होतं. आणि प्रेम एकाच बाजूचं असेल तर त्याला रस न म्हणता रसाभास म्हटलं गेलं. बळजबरी लिहिताना लेखक नीतीत तर चुकतोच, पण पात्ररचनेतही चुकतो, कारण जिचा नकार मोजला जात नाही तिचा होकारही काही सांगत नाही. होकार हा निर्णय म्हणून लिहा. तो देण्याआधी ती काय बाजूला ठेवते ते लिहा. आणि दोन्ही पात्रं सज्ञान असणं याला पर्याय नाही, तिथे चर्चासुद्धा नको.

कायद्याची भीती बऱ्याच जणांना असते. आंतरजालावर अश्लील मजकूर प्रसिद्ध करण्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ आहे, छापील मजकुरासाठी आता भारतीय न्याय संहितेचं कलम २९४. त्याआधी दंडसंहितेचं २९२ होतं. त्या २९२ खाली लेखक चंद्रकांत काकोडकरांवर 'श्यामा' या कथेबद्दल खटला झाला होता. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात ती आली होती. उच्च न्यायालयाने दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये निर्दोष सोडलं. निकालातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. न्यायालयाने म्हटलं की कथेचा वाङ्मयीन दर्जा फार उंच नसेल, लेखकाचा कच्चेपणा आणि अननुभव त्यात दिसत असेल, पण एवढ्याने ती अश्लील ठरत नाही. कच्चं लिहिणं आणि अश्लील लिहिणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण ते इतके एकत्र करून टाकले आहेत, की कच्च्या शृंगारकथेला कुणी 'इथे पात्र हवं होतं' असं साधं सांगतच नाही. 'शी, काय लिहिलंय' म्हणतात, आणि लेखक पुढची कथा आणखी घाईत, आणखी लपून लिहितो.

बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या गृहस्थांची कथा अशीच होती. शेजारीण, वय ३४, दुपारची वेळ, नवरा परगावी, बेल वाजते, ती दार उघडते. मी पाकीट परत देताना त्यांना एकच विचारलं, "हिच्या पर्समध्ये काय काय असतं हो?" ते गप्प झाले. पुढच्या महिन्यात म्हणाले, लवंगांची डबी असते. ती गाण्याच्या शिकवण्या घेते, घसा सांभाळावा लागतो. त्याच्या पुढच्या महिन्यात कळलं की तिची सासू आतल्या खोलीत असते, अंथरुणाला खिळलेली, आणि दोघींचं चांगलं जमतं. मग दोन शनिवार ते आलेच नाहीत.

आले ते कागद घेऊन, पाकिटाशिवाय. सगळे निघून गेल्यावर सोफ्याच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "मॅडम, ती दारच उघडत नाहीये."

"का?"

"चारला सासूबाईंचं औषध असतं. त्या जाग्या असतात तेव्हा." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी सगळं करून बघितलं. तो बेल वाजवतो, ती भोकातून बघते, आणि आतून म्हणते, 'आत्ता नाही.' मग तो काय करतो, तर तिथेच जिन्यात बसतो. पाच मिनिटांनी तिला लवंगेचा ठसका लागतो, ते त्याला बाहेर ऐकू येतं."

"पुढे?"

"तो अजून तिथेच बसलाय," ते म्हणाले, आणि पिशवीतून पेन काढलं.